लांबकाने भेटतात तेव्हा

ता. ४ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वरची ओळ काकूंनी सांगितली म्हणून लिहिली. मोठ्या भावाला असंच लिहायचं असतं म्हणे. अर्थ विचारला तर म्हणाल्या, तू त्याच्यापुढे डोकं टेकून आडवी पडलीयेस, असा. तर तसं काही समजू नकोस. मी सरसाच्या डब्यावर बसलेय, मांडीवर कापसाचं पोतं आहे आणि एक पाय बधिर झालाय.

बातमी अशी की मला बढती मिळाली. शाळा सोडून काका-काकूंच्या या बाहुल्यांच्या कारखान्यात आले तेव्हापासून मी नुसती शिवतच होते. आता काकांनी नवं नाटक काढलंय आणि त्यातली माणसं माणसंच नाहीत. लांबकाने म्हणून कुणीतरी आहेत, थेट काकांच्या डोक्यातून निघालेले. कान जमिनीला लागतात त्यांचे, जुन्या ब्लँकेटचे शिवलेत मी. आणि तोंड नाही. काका म्हणतात, तोंडाची दोरी ऐन खेळात तुटते, त्यापेक्षा तोंडच नको, कटकट मिटली. पण पहिल्याच प्रवेशात दोन लांबकाने रस्त्यात भेटतात, आणि भेटल्यावर काय करतात ते कुणालाच माहीत नाही. काकू म्हणाल्या, हात हलवू देत. काका म्हणाले, मग माणसंच का नाही केली? मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, कुणी आलं की जी दाराआड पळते तिनंच ठरवू दे, या विषयावर सगळ्यांत जास्त विचार तिनंच केला असणार. मला राग आला. पण खोटं नाही ते. हजेरीला नुसतं हजर म्हणताना माझं काय व्हायचं, तुला माहितीये.

तर आत्तापर्यंत ठरलंय ते असं. समोरासमोर आले की जो कमी दमलाय त्यानं आधी वाकायचं. वय बघायचं नाही, दम बघायचा. वाकून एक कान जमिनीवर पसरायचा, म्हणजे तुझी पावलं मला लांबूनच ऐकू आली होती. मग दुसऱ्यानं आपला कान उचलायचा, जितकं बरं वाटत असेल तितकाच. अर्ध्यावर थांबला तर का म्हणून विचारायचं नाही, ते फार वाईट दिसतं. गुपचूप शेजारी बसायचं. बरंय ना? आपल्यासारखं कसं काय, मजेत, असं उगाच बोलावं लागत नाही.

बाबा ठीक आहेत. तुझं नाव काढत नाहीत. पण पोस्टमनची सायकल वाजली की सुतारखान्यातला त्यांचा रंधा थांबतो.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं मात्र वाढव.

तुझी,
धाकटी


ता. १३ फेब्रुवारी

चि. गोगलगाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र भट्टीजवळ वाचलं, त्यामुळे त्याला आता पावाचा वास येतोय आणि एक कड करपलीय. लांबकाने झकास आहेत. पण आमच्या बेकरीत ही रीत चालायची नाही. कमी दमलेला कुणी सापडणारच नाही, मग वाकायचं कुणी? आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसतो, कारण पंजे पिठात असतात. आमच्या वस्तादांचं कोपर लागलं की बरगड्या चाचपून बघाव्या लागतात. तेवढी माया आहे त्यांची माझ्यावर.

निरोपाचं काही ठरवलंस का? भेटणं त्या मानानं सोपं असतं गं. मी सुचवतो. जाणाऱ्यानं स्वतःच्या एका कानाला सैलशी गाठ मारून घ्यायची आणि परत येईपर्यंत सोडायची नाही. म्हणजे परक्या ठिकाणी त्याला सगळं अर्धंच ऐकू येणार. पटलं तर घे, नाहीतर दे सोडून.

आता माझी बातमी. मला जहाजावर काम मिळालंय, पाव भाजायचं. मार्चच्या शेवटी निघायचं. दोन वर्षं तरी येणं नाही. रडू नकोस, सरस पातळ होईल. जाण्याआधी घरी येऊन जा असं तू लिहिणार, म्हणून आधीच सांगतो, मी येणार नाही. बेकरीत कामाला जाऊ का, म्हणून सुतारखान्याच्या दारात उभं राहून मी बाबांना विचारलं होतं. माझ्याकडे पाठ होती त्यांची. ओरडले असते तरी चाललं असतं. मानसुद्धा वळवली नाही. हूं नाही की चूं नाही. मी तसाच जाऊन बसमध्ये बसलो. आई गेल्यावर घरात तीन माणसं उरली आपण, त्यातलं एक निघालंय, आणि दुसरं बघतही नाही. त्या पाठीला मी परत काय विचारायचं?

तुझ्या लांबकान्यांत भांडणं होतात का? की सगळे तुझ्यासारखेच गुणी बाळ?

लोभ जपून ठेव, समुद्रावर लागेल.

दादा


ता. २१ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी डोकं खरंच टेकलं होतं. टेबलावर. तुझं पत्र वाचून.

जहाजाबद्दल मी काही लिहीत नाही, लिहायला गेले की अक्षर वाकडं येतं. लांबकान्यांचं सांगते. तुझी गाठ काकांना इतकी आवडली की त्यांनी स्वतःच्या मफलरला मारून बघितली. आणि भांडणाचं विचारलंस ना, तर त्यानं सगळं नाटकच बदललं. काका म्हणाले, बरोबर, दोन मित्र भांडलेत आणि खूप दिवसांनी भेटतायत, असंच पाहिजे. पण तिथेच आमची गाडी अडलीय. आधी मी दोघांना एकमेकांकडे पाठ करून उभं केलं. काकू लांबून बघून म्हणाल्या, दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखं दिसतंय. मग दमाचा नियम लावला. तोही लागू होईना. भांडलेले दोघंही दमलेलेच असतात, त्यातला कमी कोण?

रंगमंचाची लाकडी चौकट काकांनी बाबांना करायला सांगितलीय. काल मी टेप धरून उभी होते, तेव्हा त्यांनाच विचारलं. बाबांनी लांबकान्यांचा असा विचार केला की जणू गिऱ्हाइकंच आहेत. मग म्हणाले, जो सोडून गेला त्यानं आधी वाकावं. आणि चौकटीचा कोपरा परत एकदा मापला, आधीच मापलेला.

तुझं काय म्हणणं? मी लांबकान्यांबद्दलच विचारतेय हं.

माझ्यावर रागावला नसशील तर लोभ करच, रागावला असशील तर थोडा जास्त कर.

धाकटी


ता. २८ फेब्रुवारी

चि. गोगलगाईस,
अनेक आशीर्वाद.

मला काय कुक्कुलं बाळ समजतेस? पण ठीक आहे, लांबकान्यांबद्दलच बोलू.

जो गेला, तो जाण्याआधी विचारून गेला होता. म्हणजे त्याचा एकदा कान पसरून झालेला आहे. तो पसरलेला कान अजून तिथेच पडलाय दारात, लोक त्यावरून ये-जा करतायत. आता उचलायची पाळी दुसऱ्याची. दोनदोनदा वाकायला आपण काही बिजागरी नाही. हे तुझ्या त्या गिऱ्हाइकवाल्या सुताराला सांगितलंस तरी चालेल.

कामात आहे. वस्ताद माझ्या जागी आलेल्या पोराला शिकवायला लावतायत, आणि ते पोर पिठाशी भांडल्यासारखं मळतं.

लोभ तुझ्यावर आहेच, बाकीच्यांचं मी काही लिहीत नाही.

दादा


ता. ८ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र नीट बसून वाच. भट्टीजवळ नको.

तू लिहिलंस ते मी बाबांना सांगितलं. लांबकान्यांचं म्हणूनच सांगितलं. म्हटलं, तो विचारून गेला होता, उत्तर यायचं राहिलंय. बाबांनी हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाले, आणि दुसऱ्याचं तोंड भरलेलं असेल तर? मी म्हटलं, बाबा, त्यांना तोंडच नाहीये. तर म्हणाले, सुटले बिचारे.

मग आपणहून सांगायला लागले. त्या दिवशी ते मोठं कपाट चाललं होतं. दार एका हातानं आणि गुडघ्यानं पेलून धरलेलं, दुसऱ्या हातात हातोडी, आणि खिळे नेहमीसारखे ओठांत. तुझा प्रश्न त्यांनी ऐकला. वळले असते तर दार पडलं असतं, तोंड उघडलं असतं तर खिळे. त्यांना वाटलं, हा आहेच उभा, एक खिळा मारतो आणि बोलतो. मारून वळले तर दारात कुणीच नाही. रस्त्यापर्यंत आले होते ते, दादा. बस गेली होती. मग त्यांना राग आला की एवढासा वेळ धीर धरवला नाही पोराला. आणि तो राग एकदा बसला तो बसलाच.

काय म्हणणार होतात, असं मी विचारलं नाही. कान अर्ध्यावरच होता त्यांचा. मी शेजारी बसून राहिले.

बाबा आता खिळे शर्टाच्या खिशात ठेवतात. तू गेल्यापासूनच. मला वाटायचं, दात दुखतात.

भांडलेल्यांचा नियम मी ठरवला. दोघांनीही आधी वाकायचं नाही. घरात जो सगळ्यांत धाकटा असेल त्यानं मधे जायचं आणि दोघांचा एकेक कान उचलून धरायचा. तो धरलेला असेपर्यंत कुणी पळायचं नाही. काका म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. पण बारक्या बाहुलीला दोन मोठे कान पेलताना बघितलं आणि काकू नाक पुसायला आत गेल्या.

खेळ वीस मार्चला आहे, संध्याकाळी, शाळेमागच्या हॉलमध्ये. बाबा पडद्यामागे चौकट सांभाळायला आहेत. तू ये. मी आजवर कुणालाच ये म्हटलेलं नाही, म्हणून ते कसं म्हणतात मला नीट येत नाही. पण ये.

लोभ असला तर दिसू दे या वेळी.

धाकटी


ता. १३ मार्च

चि. गोगलगाईस,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. वस्तादांनी विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही.

येतो. मागच्या रांगेत बसेन. पण मला सांग, माणसांनी अशा वेळी हातांचं काय करायचं असतं? इथे निदान पीठ तरी असतं.

लोभ घेऊनच येतोय.

दादा


ता. २७ मार्च

चि. गोगलगाईस, जी आता गोगलगाय राहिली नाही तिला,
अनेक अनेक आशीर्वाद.

उद्या जहाज सुटतं. बंदराजवळच्या खोलीत सहा जण आहोत आणि खिडकी एक, तीही घोरणाऱ्याच्या डोक्यावर.

तुझा खेळ अजून डोळ्यांपुढे आहे. तो बारका लांबकान्या मधे आला तेव्हा पुढच्या रांगेतला एक पोरगा उठून उभा राहिला. त्याच्या आईनं खाली ओढलं तर म्हणाला, त्याला एकट्याला जड होतंय. मला पुढचं काही दिसलं नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. टाळ्या सुरू झाल्या तसा मी उठलो. खरं सांगतो, मी दाराकडेच निघालो होतो. आणि मग ती हाक आली. आधी मला कळेना, कुणाची. तुझा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. अख्खा हॉल वळला तुझ्याकडे.

बाबा समोर आले आणि पहिलं वाक्य काय, तर पाव भाजणाऱ्यांना पाव खायला देत नाहीत का, हाडं दिसतायत. एवढ्या दिवसांचं बोलणं हे! पण बरं वाटलं. घरी राहिलो ते दोन दिवस आम्ही फार बोललो नाही, तू बघितलंसच. फळ्या रचल्या, जेवलो, परत फळ्या रचल्या. ते खिळ्यांचं त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.

पण एक विचारायचंय. निघताना मी बसमध्ये चढलो, खिडकीची काच काही केल्या सरकेना, आणि बाहेर बाबा एकदम बोलायलाच लागले. बस हलली तरी बोलतायत, शेजारून चालतायत, मग जवळजवळ धावतायत, आणि बोलणं चालूच. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवत राहिलो. ते काय सांगत होते गं? काही महत्त्वाचं असलं तर? जहाजाच्या कंपनीचा पत्ता मागे लिहिलाय, विचारून कळव.

पुढचं पत्र कुठून येईल माहीत नाही. लोभ असाच मोठ्या आवाजात असू दे.

दादा


ता. ६ एप्रिल

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हाक मारल्याचं सगळ्यांना सांगत सुटू नकोस. मला हौस नव्हती. तू पुढच्या दाराकडे निघालास तेव्हा बाबा हत्यारांची पेटी उचलून मागच्या दारानं चालले होते. तुला ते दिसत नव्हतं, त्यांना तू दिसत नव्हतास, मला तुम्ही दोघंही दिसत होता. नियम मीच केलेला, आता कुणाला पुढे करणार? म्हणून दादा अशी हाक मारली, आणि बाबा अशीही, एका दमात. नंतर वाटलं, जमीन फाटावी. फाटली नाही, उलट एका आजींनी मला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं. काकू म्हणतात, पुढच्या नाटकात तोंडवाल्या बाहुल्या करू, आवाज मी द्यायचा. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तू विचारलंस ते बाबांना विचारलं. त्यांनी रंधा बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि आठवत बसले. मग म्हणाले, काय बोलत होतो ते काही लक्षात नाही बुवा. मी म्हटलं, अहो, चौकापर्यंत गेलात बसबरोबर, रिक्षावाला ओरडला तुमच्यावर, आणि एकही शब्द आठवत नाही? म्हणाले, नाही. आणि परत रंधा धरला.

मी दारापर्यंत आले तेव्हा मागून आवाज थांबला. म्हणाले, त्याला एवढं कळव, संपलं नव्हतं माझं.

इकडचा लोभ दोघांचाही धर.

तुझी,
धाकटी