लस टोचलेल्या मांजरी

४ नोव्हेंबर १९९६, ग्लासगो
उलटंच झालं! प्रयोगशाळेतल्या मांजरींना प्रतिकारशक्ती पोखरणारा तो विषाणू दिला, तर लस टोचलेल्या मांजरींनाच आधी लागण झाली. न टोचलेल्या अजून धडधाकट! पुन्हा तपासलं — तेच. कुलूप म्हणून बसवलं आणि चोराच्याच हाती किल्ली दिली.

डॉ. अर्कर्टना दाखवलं. आमचे प्रमुख, लस त्यांचीच. "मांजरी थोड्या आहेत, इना. योगायोग असेल."

योगायोग!

५ नोव्हेंबर
बाहेर ५ नोव्हेंबरचे इथले नेहमीचे फटाके. मांजरी पिंजऱ्यांच्या कोपऱ्यात दडलेल्या. त्यांना सांभाळणारी इशबेल माझ्यावरच उखडली — "टोचायचं तुम्ही, आणि त्या तापानं फणफणल्या की कुशीत घ्यायच्या मी?"



८ नोव्हेंबर
बैठक. पुढच्या महिन्यात लोकांच्या घरच्या मांजरांना चाचणी म्हणून टोचायचं ठरलंय, ते तसंच ठेवणार म्हणे! मी म्हटलं, "सर, गल्लीतले बोके एकमेकांना चावतात. रोग चाव्यातूनच जातो. त्यात ही लस म्हणजे—"

"मात्रा बदलली की झालं. एवढ्या वर्षांचं काम मोडीत काढायचं?"

मी ओरडले. हो, ओरडले! "तुमच्या हट्टापायी लोकांची मांजरं मारायची का?" बाकीचे चहात बिस्किटं बुडवत बसले. भेकड मेले!

११ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरच्या मिसेस लॉकी जिन्यात भेटल्या. त्यांचा बोका मर्डो लस घेणाऱ्यांत आहे. "पोरी, त्याचा भाऊ याच रोगानं गेला गं. याला तरी वाचव."

म्हटलं, आजी, टोचून घेऊ नका. लस घातक निघाली.

"मग इतकी वर्षं केलंत काय तिथे?" घरात शिरून धाडकन दार लावलं. लावणारच.

१२ नोव्हेंबर
ठरलं. मांजरांच्या मालकांना मीच फोन करणार. नोकरी गेली तर गेली खड्ड्यात!

१३ नोव्हेंबर
फोन उचलला, तेवढ्यात अर्कर्ट आत आले. दाढी वाढलेली, हातात टोपली. टोपलीत म्हातारी करडी मांजर, तोंडातून लाळ गळत होती.

"घरची आहे. लस तयार झाली तेव्हा सर्वांत आधी हिलाच टोचली होती. बाहेर कुठेतरी चावा खाऊन आली, आणि आता त्याच रोगाची लक्षणं. चाचणी बंद. लोकांना मीच सांगतो. तपासायला हिचं रक्त तेवढं तू काढ, इना. माझ्याच्यानं होणार नाही."

मी फोन ठेवला. मांजर उचलून घेतली.