कुंडलीची टोपली

आई, परवा माझ्या कागदाचं प्रदर्शन झालं. कागदावरच्या चित्रांचं नाय, निव्वळ कागदाचंच. तुझाच रद्दीचा लगदा, चिकटपणाला तीच भिजवून वाटलेली मेथी. तू पालथ्या घागरीवर थापून टोपल्या करायचीस, मी भिंतीएवढे ताव करते, एवढाच फरक. उद्घाटनाला आलेले साहेब एका तावासमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, चित्र कधी काढणार? लोक यायला लागले की." मी म्हटलं, "हात लावून बघा." तर बिचारे घाबरून मागंच सरले. तू असतीस तर त्यांचा हात धरून लावला असतास.

तू कागद वाचायचीच नाहीस, बोटांनी चोळून बघायचीस. पेपरची रद्दी भुसभुशीत, वहीचा कागद बरा, आणि गुलमंडीत छापलेली लग्नपत्रिका म्हणजे "लई चिवट, जावयासारखी." छावणीतल्या आपल्या स्वयंपाकघरात लगद्याचा टब कायम भरलेला. बाबा रोज ओरडायचे, "एक दिवस माझी पेन्शनची कागदं भिजवशील!"

भिजली ती माझी कुंडली. फर्दापूरच्या पाहुण्यांनी मागितली होती ती. मी नुकतीच बारावी झालेली, चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म भरलेला, आणि बाबांचं म्हणणं, गुण जुळले की कॉलेज-बिलेज बंद. रविवारी त्यांनी कपाट उघडलं तर कुंडली गायब, आणि तुझ्या उखळात हळदीकुंकू लागलेला तिचा एक कोपरा. बाबा पेटलेच. "अगं, पोरीचं नशीब कुटलंस तू!" तू मुसळ काही खाली ठेवलं नाहीस. "व्हय, चुकलं. रद्दीत आली, कुटली."

नवी करून घेऊ, जन्मवेळ सांग, असं बाबा म्हणाले. तर तू म्हणतेस, "मला काय ठावं? मी काय घड्याळ बघत होते व्हय?" आत्या म्हणाली पहाट, कोंबडा आरवत होता. तू म्हणालीस छे, टळटळीत दुपार. दुसऱ्या दिवशी तू संध्याकाळवर आलीस. शेवटी पाहुण्यांनी कंटाळून दुसरीकडं सोयरीक जुळवली आणि मी कॉलेजात गेले. बाबा मात्र मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायचे, "हिच्या हातात कागद देऊ नका." त्यावर सगळे हसायचे, तूही.

परवा कुणीतरी विचारलं, हे कुणाकडून शिकलात? मी आईकडून म्हटलं आणि कुंडलीचा किस्सा सांगितला, तुझा वेंधळेपणा म्हणून. लई हशा पिकला. घरी आले आणि माझीच मला लाज वाटली.

हे पत्र कुठं पाठवणार, तुला पत्ता नाय. पण ऐक. कुंडली रद्दीत आपोआप आली नव्हती. तू पाणी भरायला गेलीस तेव्हा मीच ती टबात टाकली. तुला ते कळलं होतं, नायतर पोरगी कधी झाली हे कुठली आई विसरते? आणि बाबा तुला वाट्टेल ते बोलत होते तेव्हा मी आत बसून भाकरी खात होते, आई. दुसरीही वाढून घेतली.