लोण्याच्या कारखान्याला गिलावा

नेपरव्हिल, इलिनॉय
१ मे १९९७

चि. जगन्नाथ यास,

सप्रेम जयभीम, आणि मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा असल्यामुळे वरून आशीर्वादही. तुझी साखर आणि सौ. प्रतिमाचा गुडघा, दोन्ही ताब्यात आहेत असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे. हात तेवढे खांद्यापासून गळाल्यासारखे झालेत, त्याचं कारण पुढे येईल. तुझ्या राधावहिनीचीही तब्येत चांगली आहे, फक्त गेले नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, त्याचंही कारण पुढे येईल. येताना आपल्या घराच्या मागच्या खोलीच्या भिंतीचं काम तुला सांगून आलो होतो, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता आधी खाली बस. आपल्या रवीने नोकरी सोडली. हे त्याने मला विमानतळावरून घरी नेताना गाडीत सांगितलं, आणि इथे गाडीत माणसाला पट्ट्याने बांधून ठेवतात, त्यामुळे मला धड उठताही येईना. दहा वर्षांची कंप्यूटर कंपनीतली नोकरी. मी म्हटलं, काढलं का? तर म्हणे नाही बाबा, मीच क्विट केलं. का, तर त्याने आणि सूनबाईने मिळून एक जुना लोण्याचा कारखाना घेतलाय आणि त्याचा हॉल करताहेत. शनिवार-रविवारी लग्नाकार्याला भाड्याने द्यायचा आणि बाकीचे दिवस तिथे चित्रांची प्रदर्शनं भरवायची. (नीलांबरी स्वतः चित्रं काढते हे तुला माहीत आहे. घरात तिचा एक भिंतभर पिवळा चौकोन टांगलाय. मी कौतुकाने विचारलं, हे पूर्ण कधी होणार? ती म्हणाली, बाबा, ते झालंय. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.) मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही.

कारखाना घरापासून पायी वीस मिनिटांवर, रेल्वेच्या रुळाला लागून आहे. १९०४ सालचं बांधकाम, तीस वर्षं बंद. ऊन पडलं की अजून भिंतींतून लोण्याचा वास येतो, आणि तो काही कढवलेल्या लोण्याचा नव्हे. आपल्या पीडब्ल्यूडीत अशी इमारत माझ्यापुढे आली असती तर मी उंबरा न ओलांडता निर्लेखित करा, मोडीत काढा असा शेरा मारला असता. इथे रवी मला ती देवळातला पुजारी देऊळ दाखवतो तशी दाखवत होता. छताला एक गंजकी कप्पी लोंबते, तिला काढायचं नाही, तेल लावून ठेवायचं. फरशीवर दुधाच्या कॅन ओढून पडलेले चरे आहेत, ते बुजवायचे नाहीत. मी विचारलं की नवीन नेमकं काय करणार? तर म्हणे संडास. पण खोटं कशाला बोलू, ज्या पोराने नागपूरला कधी घमेलं उचललं नाही तो इथे पहाटेपासून खिडक्यांच्या चौकटी घासत होता, आणि हाताला घट्टे पडले होते, ते बघून मला आतून बरं वाटलं. आपल्या लोकांनीही त्याला धरलंय. बारा एप्रिलला जयंती झाली (इथे जयंती चौदाला नसते, जवळच्या शनिवारी असते, हा आणखी एक धक्का), ती एका लायब्ररीच्या तळघरात. तिथे सगळे म्हणाले, रवीभाऊ, पुढची जयंती तुमच्या हॉलमध्ये. पण त्यासाठी हॉल वर्षभर टिकला पाहिजे, आणि तो टिकणं अवलंबून होतं पहिल्या बुकिंगवर. ते आहे दहा मेला. मिसेस कोवालस्की म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या मुलीचं लग्न. त्या इथल्या लग्न जुळवून देणाऱ्या नव्हे, लग्नाचा सगळा थाट उभा करून देणाऱ्या बायकांमध्ये मोठ्या वजनाच्या आहेत. त्यांचं कार्य नीट झालं तर पुढची कार्यं त्याच आणणार, आणि बिघडलं तर रवीने परत कंपनीच्या दारात उभं राहायचं, असा हिशेब.

आता भिंतीकडे येतो. आत शिरलं की समोर मोठी भिंत, तीस फूट लांब आणि दहा फूट उंच, आणि ती नुसती वीट. जुना गिलावा पाडून, सांधे खरवडून, साफ करून ठेवलेली. मी तीस वर्षं ओव्हरसियर होतो. गिलावा पाडलेली भिंत म्हणजे गिलावा व्हायचा राहिलेली भिंत, एवढं मला कळतं. कोपऱ्यात फरशीच्या कामातली सिमेंटची पोती आणि वाळूही पडलेली. लग्नाला तीन आठवडे राहिलेले आणि रवी भिंतीचं नावच काढत नव्हता. मी एकदा म्हटलं, भिंत राहिली की रे. तर तो हसला आणि म्हणाला, ती अशीच राहणार बाबा. जगन्नाथ, ते हसणं मला ओळखीचं वाटलं. आपला बाप असंच हसायचा. जन्मभर सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांना गिलावा केला आणि स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीला अकरा वर्षं करू शकला नाही, मागची तर अजून तशीच आहे. कोणी विचारलं की म्हणायचा, राहू द्या, अशीच बरी आहे. पाहुणे यायचे झाले की आई पुढच्या खोलीच्या विटांवर सतरंजी टांगायची, आणि तू एकदा ती ओढून पाडलीस आणि मार खाल्लास. मी समजलो, पोराजवळचं सगळं संपलंय आणि बापाला सांगायची लाज वाटतेय. अशा वेळी बापाने विचारू नये, करून मोकळं व्हावं.

संधी आपणहून चालत आली. सूनबाईच्या भावाचं, सुशांतचं, सांता क्लाराला लग्न होतं. सतरा तारखेला रवी, नीलांबरी आणि नात हर्षिता विमानाने गेले, आणि इलेक्ट्रिशियनला दार उघडून द्यायला म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी थापी शोधायला लागलो. राधा म्हणाली, रवीला फोन करून विचारा. मी म्हटलं, विचारून दिलेली भेट म्हणजे अर्ज झाला. ती बिचारी माल कालवायला आली. वाळू जाडी होती म्हणून मी तिची पिठाची चाळणी घेतली (ती तिने इतवारी बाजारातून आणून सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत जपून आणली होती, हे मला नंतर कळवण्यात आलं). पाच दिवस, जगन्नाथ. एकसष्टाव्या वर्षी परांचीवर उभा राहून, बापाने शिकवलेल्या हाताने. ओळंबा सुतळीला नटबोल्ट बांधून केला. भिंत अशी उतरली की वरून मोहरी सोडली तर न अडखळता खाली यावी. इलेक्ट्रिशियन आला, त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि नुसतं वॉव म्हणाला. मी थँक्यू म्हटलं. त्या माणसाला काय दिसत होतं ते त्याने मला तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बावीस तारखेला मंडळी आली. मी त्यांना घरी न जाऊ देता थेट कारखान्यात आणलं. दिवे लावले. राधाने दारात रांगोळी काढली होती. रवी आत आला आणि उभा राहिला, मग जवळच्या उपड्या बादलीवर बसला. मला वाटलं पोराला भरून आलं. भरून आलंच होतं, पण वेगळ्या कारणाने. नीलांबरी भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, किती सरळ आलीय बाबा, आणि बाहेर निघून गेली. हर्षिता म्हणाली, आबा, व्हेअर इज द वॉल? शेवटी सूनबाईच परत आली आणि तिने मला समजावलं की लोक या हॉलसाठी नव्हे, त्या विटांसाठी भाडं देतात. मिसेस कोवालस्कींनी चार मजली हॉटेलं नाकारून हा कारखाना घेतला तो मुलीचे फोटो त्या विटांपुढे निघावेत म्हणून. आणि वीट उघडी करायला, जगन्नाथ, खास माणसं बोलावली होती, त्यांनी दोन आठवडे हलक्या हाताने जुना गिलावा काढला होता. मी विचारलं, म्हणजे उघडी वीट ही इथे श्रीमंती आहे? ती म्हणाली, हो बाबा. सतरंजीआड लपवलेली आपली भिंत इथे असती तर आई गावची पाटलीण झाली असती.

दुसऱ्या दिवशी मीच छिन्नी-हातोडी मागितली. केला मी, पाडणारही मीच. रवीने एक इथला मिस्त्री बोलावला (स्वतःच्या ट्रकमधून आला, आपला एक्झिक्युटिव्ह इंजिनियरसुद्धा असा येत नसे). त्याने गिलाव्यावर टकटक केलं, ओळंबा लावला, शीळ घातली आणि सांगितलं की एका माणसाला हा काढायला महिना लागेल, आणि घाई केली तर विटांची तोंडं घेऊन येईल. मला लाज वाटावी की अभिमान, काही कळेना. थोडा अभिमान वाटला. मग आम्ही बापलेक लागलो. तो डावीकडून, मी उजवीकडून. तासभर ठोकून परातीएवढा तुकडा निघायचा. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, अरे, तुझ्याजवळ पैसे संपले असतील असं वाटलं मला. आपल्या घरासारखं.

तो हातोडी खाली ठेवून म्हणाला, पैसे होते बाबा. मला ती तशीच हवी होती, मागच्या खोलीसारखी.

तुला आठवतंय का मागच्या खोलीत तो काय करायचा? फळा नव्हता म्हणून विटांवर खडूने सूत्रं लिहायचा. एका विटेवर एक. खालच्या ओळीत बीजगणित, वर भूमिती. पाठ झालं की पुढची वीट. मी त्यासाठी त्याला दोनदा मारलंय, भिंत आधीच उघडी आणि वरून खडू म्हणून. आणि हा म्हणतो, अमेरिकेत आल्यापासून जिथे राहिलो तिथे सगळं गुळगुळीत, बाबा. ही भिंत उघडली आणि पहिल्यांदा वाटलं इथे बसून काहीतरी करता येईल. जगन्नाथ, नोकरी सोडली तेव्हा बसला नाही, उघडी ठेवायची भिंत लिंपली हे कळलं तेव्हा बसला नाही, असा धक्का मला तिथे बसला. पस्तीस वर्षं मी ज्या भिंतीची लाज बाळगली ती त्याने सातासमुद्रापलीकडे नेऊन उभी केली होती, आणि मी तिथेही जाऊन ती झाकली. मला रडू आलं. सिमेंटची धूळ गेली असं मी सांगितलं, आणि त्यानेही ते मान्य केलं.

सत्तावीस तारखेला रविवारी मिसेस कोवालस्की न सांगता आल्या. तोवर निम्मीच भिंत निघाली होती, आणि तीही उंदराने भाकरी कुरतडावी तशी. रवीचा चेहरा पांढरा पडला. बाई भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, मागे गेल्या, पुढे आल्या, आणि म्हणाल्या, थांबा, आता याला हात लावू नका. अर्धा गिलावा, अर्धी वीट, मधली फाटकी कड, तसंच त्यांना हवं. मी रवीकडून विचारवलं की निदान कड तरी दोरी धरून सरळ करू द्या. त्या दचकल्या आणि नो म्हणाल्या. त्याहून वर म्हणजे मला लग्नाचं आमंत्रण दिलं, कारण असा इफेक्ट देणारा कलावंत त्यांना पाहुण्यांना दाखवायचाय. तीस वर्षांच्या नोकरीत माझं एकही अर्धवट काम पास झालं नाही, आणि इथे झालं. दहा तारखेला मी कोट घालून माझ्याच अपुऱ्या कामापुढे उभा राहणार आहे. बुकिंग राहिलं, एवढंच खरं.

बाकी ठीक. इथे दूध चांगलं आहे. सर्वांना जयभीम सांग.

तुझा भाऊ,
दादाराव

ता.क. राधाला नवी चाळणी हवी आहे. इतवारीतूनच, पितळी काठाची. इथली तिला चालत नाही.

ता.क. आता भिंतीचं. मागच्या खोलीला मी परत येईपर्यंत गिलावा करून टाक म्हणालो होतो, तो करू नकोस. मिस्त्रीला सांगितलं असशील तर त्याची माफी माग, माझं नाव सांग. रवी डिसेंबरात येतोय आणि त्याला ती भिंत बघायचीय. खाटेमागच्या विटांवर खडू उरला असेल, तर तिथे झाडूही फिरवू देऊ नकोस. आणि समजा अर्धा गिलावा झालाच असेल, तर तिथेच थांब. कड सरळ करू नकोस.

ता.क. राधा म्हणते, पत्राला पंधरा दिवस लागतील, आजच फोन करा. पण हे सगळं मला फोनवर बोलता येणार नाही, आणि रवी शेजारच्याच खोलीत असतो. आज उद्या करत कामं ढकलतोस म्हणून मी तुला जन्मभर बोललो. यावेळी तेवढ्याच्याच भरवशावर आहे.