पाचवी ओळ

ता. १२, मंगळवार, दुपार

धाकट्यास,

आशीर्वाद लिहिताना हात जरा अडखळला, पण लिहितो. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच आहेत. तुझी वहिनी बरी आहे. तुझी पुतणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली, हे तुला माहीत आहेच. मागच्या महिन्यात ती बसस्टँडवर तुला भेटली होती. मला तिनं चार दिवसांनी सांगितलं. चार दिवस का लागले, याचा मी बराच विचार केला.

घरची परिस्थिती बघून पदवीच्या मुलांना सरकार जे अनुदान देतं, त्यावरच तिचं पहिलं वर्ष झालं. यंदाचं अडकलं आहे. महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही, तर तिचं नाव पटावरून कमी होईल. अनुदान कार्यालयाचं पत्र आलं, ‘कुटुंबातील एका कमावत्या सदस्याचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही.’

माझा दाखला तर जोडलेला होता, म्हणजे घरात आणखी एक कमावता आहे असं त्यांना कळलं होतं. सरकारला काही स्वप्न पडत नाही. कोणीतरी जाऊन सांगितल्याशिवाय त्यांना घरातली माणसं कशी कळणार? आधी मी खालच्या शिंप्यावर संशय घेतला. पोरीसाठी जुना संगणक आणला, तेव्हा तो “चैन आहे बुवा” म्हणाला होता. मग तिच्या मैत्रिणीवर घेतला. खरं सांगायचं तर हे दोघं नुसते तोंडी लावायला होते. मनात पहिल्यापासून तूच होतास. अर्जाबद्दल काकानं खोदून खोदून विचारलं, असं पोर म्हणाली होती. आणि माझ्यावर उट्टं काढायला तुझ्याकडे कारणही होतं. सकाळी देवापुढे बसलो तरी जप बाजूला राहायचा आणि तुझा चेहरा समोर यायचा. रविवारी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते पाठवलं नाही. चांगलं नव्हतं.

काल वजनकाटे दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, “आमच्याविरुद्ध तक्रार कोणी केली, तेवढं नाव सांगा.”

“तक्रार?” त्यांनी फाईल काढली, पानं उलटली आणि अर्ज माझ्याकडे फिरवला. “काका, हे अक्षर ओळखता?”

पाचव्या ओळीत तुझं नाव होतं. नातं, सख्खा भाऊ. व्यवसाय, सरकारी बसचालक. अक्षर वळणदार, शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेलं.

“माझंच आहे,” मी म्हणालो.

“मग झालं की. तक्रारदार सापडला.”

मागे रांगेत उभा असलेला माणूस हसला. मलाही हसू यायला हवं होतं.

गेल्या वर्षी अर्ज पोरीनं भरला होता, चार माणसांचा. यंदा मीच म्हटलं, सरकारी कागद आहे, अक्षर नीट पाहिजे, आण इकडे. ‘कुटुंबातील व्यक्ती’ असं छापलेलं आणि खाली रेघा. आई लिहिली, मी, ही, पोर, आणि हात तसाच पुढे गेला. घरात किती जण, असं कोणी विचारलं की आपण पाच म्हणत आलो. तू घर सोडून सहा वर्षं झाली, तरी हाताला ते कोणी सांगितलेलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “किती लिहिलेस?”

“पाच.”

“मग चुकलं कुठं?”

आता इतका वेळ टाळत होतो ते लिहितो. दुकानातला तो मोठा काटा. आपण दुरुस्त करून दिलेला काटा कमी तोलतो, म्हणून वजनमापांचा निरीक्षक तो परत घेऊन आला. तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू हात पुसलेस आणि गेलास, घरातूनही. मी तेव्हा काटा उघडून पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नाही. उघडला असता तर आतलं काम कोणाच्या हातचं आहे, ते मला एका नजरेत कळलं असतं. कळेल म्हणूनच उघडला नाही. भंगारात देऊन टाकला.

सोबत एक कागद आहे. ‘मी वरील कुटुंबापासून विभक्त राहतो, माझी चूल वेगळी आहे व माझा त्यांच्याशी आर्थिक संबंध नाही.’ खाली तुझी सही हवी, वीस तारखेच्या आत. त्याशिवाय पोरीचं अनुदान सुटत नाही, असं बाई म्हणाल्या. मजकुरात खोटं काहीच नाही. तरी हा कागद मी तीनदा पाकिटात घातला आणि तीनदा बाहेर काढला. वाटलं, तू सही करणार नाहीस. मग वाटलं, आनंदानं करशील. यातली कुठली भीती मोठी, ते मला ठरवता येत नाही. बघ, संशय अजून सुटत नाही माझा.

माझ्यासाठी नको, पोरीसाठी कर. ती शुक्रवारी स्टँडवर येईल, कागद तिच्याच हाती दे. या वेळी मीच तिला पाठवतो आहे. आईला या कागदाबद्दल सांगितलेलं नाही.

त्या कागदावर मी ‘अर्जदाराचे वडील’ आहे आणि तू ‘विभक्त सदस्य’. तिथं दुसरं काही लिहायला जागा नव्हती, म्हणून इथं लिहितो.

तुझा
दादा