दहाव्या दर्जाच्या विधवेची साक्ष

पीटर्सबर्ग,
मोठ्या उपासाचा पहिला सोमवार

तीर्थस्वरूप येव्लाम्पीदादा यांस,

धाकट्या ग्लाफीराचा कंबरेत वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकते तेवढाच, उरलेला मनातून समजून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? देवळाच्या गार फरशीवर उभं राहून ते गेले असं तुम्ही म्हणता. मला विचाराल तर ते दमट घरामुळे गेले, आणि घर दमट कुणी ठेवलं ते मी बोलत नाही. वहिनींना वेगळा नमस्कार, कारण पत्र तुमच्याआधी त्याच उघडतात. मागे मी त्यांच्या स्वयंपाकाबद्दल दोन शब्द लिहिले आणि दर नाताळला येणारा मध यंदा आला नाही. योगायोग असेलही. तर वहिनी, वाचायचं तर वाचा, पण गावभर करू नका. या वेळी गोष्ट खुनाची आहे.

आमच्या इमारतीत चार मजले, बावीस बिऱ्हाडं, आणि विश्वास ठेवावा असं माणूस औषधालाही नाही. दूधवाली दुधात पाणी घालते आणि जाब विचारला की तिला एकदम आपली भाषा कळेनाशी होते. दरवान गाणं म्हणत असतो तो मला पाहिलं की गप्प होतो. का गप्प होतो? एका माणसाबद्दल मात्र कुणालाच संशय नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचा निवृत्त कॅप्टन स्पिरिदोन कुझ्मिच हा वाईट माणूस आहे, ही गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. तो निनावी अर्ज लिहायचा. त्याच्या अर्जामुळे पियानो शिकवणाऱ्या बाईला ऐन थंडीत मुलांसकट बाहेर पडावं लागलं. त्याच्याच अर्जामुळे माझा भाडेकरू वालेर्यान याचं नाव विद्यापीठातून कापलं गेलं. माझ्याविरुद्धही एक अर्ज होता, की मी आवारात राख टाकते. (टाकते. पण सगळेच टाकतात.)

जानेवारीत, संध्याकाळी पाचच्या सुमारास, हा कॅप्टन मागच्या जिन्याखाली मरून पडलेला सापडला. डोकं फुटलेलं, शेजारी सरपणातला बर्चचा ओंडका. अख्ख्या इमारतीने डोळे पुसले, आणि त्या दिवशी बहुतेक घरांत काहीतरी गोड शिजलं. दुसऱ्या दिवशी फौजदार माझ्याकडे आला, कारण माझं मागचं दार त्या जिन्यावर उघडतं. मी म्हटलं, दाराच्या फटीतून एक पाठ दिसली, मेंढीच्या कातड्याच्या कोटातली. "कुणाची?" म्हणाला. आता पाठीला का नाव असतं? पण तो लेखणी शाईत बुडवून बसला होता, शाई माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर टपकायला आली होती, आणि मी म्हटलं, पाणक्या नझारची असेल.

नझार तळघरात राहतो, बायको आणि दोन मुलं. शरद ऋतूत पाणी ओतताना त्याने माझ्या कोबीच्या पिंपाला तडा पाडला आणि आधीपासूनच होता म्हणून शपथेवर सांगितलं. अशा माणसाचा काय भरवसा? शिवाय कॅप्टनने त्याच आठवड्यात त्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. फौजदाराने सगळं लिहून घेतलं, मी सही केली, आणि सहीखाली "दहाव्या दर्जाच्या अधिकाऱ्याची विधवा" असं आपण होऊन लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी नझारला नेलं. त्याची बायको उस्तीन्या तेव्हापासून फाटकाशी बसून असते, ते लाल बटाट्यासारखं नाक घेऊन, जणू थंडी तिला एकटीलाच वाजते. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, "साक्ष कुणी दिली हो?" फौजदाराने नाव सांगितलेलं नाही. ती रडते त्यात मला थोडं नाटकही वाटतं.

आता वालेर्यान. तीन वर्षं माझ्या चुलीमागच्या खोलीत राहतो. कागदांच्या नकला उतरवण्याची कामं करतो, डोळे लाल, कोपरं फाटकी, आणि माझ्या लोणच्याच्या बरणीला कधी हात लावत नाही. (यावरूनच खरं तर मला संशय यायला हवा होता. तरुण पोरगा आणि बरणीला हात लावत नाही!) सप्टेंबरपासून तो माझ्या स्वयंपाकघरात बसून प्रश्न विचारायचा.

"काकू, समजा एक माणूस दहा जणांचं वाटोळं करतोय आणि कायदा त्याला हात लावत नाही. मग काय करायचं?"

मी कोबी चिरत होते. "असल्यांना देव तरी कशाला ठेवतो कोण जाणे. मीठ दे इकडे."

"पण देव नेत नसेल तर?"

"तर कुणीतरी देवाला हातभार लावावा! मीठ म्हटलं ना, कान आहेत का काय?"

मला सांगा दादा, कोबी चिरताना बोललेलं कुणी वहीत लिहून ठेवतं का? याने ठेवलं, तारीख घालून. वर मथळा काय, तर "सामान्य जनतेचं मत". दहाव्या दर्जाच्या अधिकाऱ्याची विधवा म्हणजे सामान्य जनता! खुनाचं नंतर बोलू, पण हे मला फार लागलं.

काल क्षमेचा रविवार. सकाळपासून रीतीप्रमाणे माणसांची रीघ. दूधवाली वाकली, दरवान वाकला, वरच्या मजल्यावरची शिंपीण वाकली. "वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा." "देव क्षमा करील, मलाही करा." कुणाचं काय चुकलं हे कुणी सांगत नाही, हीच त्या रीतीतली सोय. (दरवान जरा जास्तच खाली वाकला. माझ्या सरपणाची मोळी मोजायला हवी.) दुपारपर्यंत तोंडाला एवढी सवय झाली की मांजर आडवं आलं तर त्यालाही मी देव क्षमा करील म्हणाले. चार वाजता मी उपासाआधीच्या शेवटच्या ब्लिनी तव्यावर घालत होते, तेव्हा वालेर्यान आला, गुडघ्यांवर बसला, आणि कपाळ जमिनीला टेकवून म्हणाला, "काकू, क्षमा करा. कॅप्टनला मी मारलं."

मी म्हटलं, "देव क्षमा करील रे बाळ, मलाही कर. ऊठ, लोणी संपायच्या आत खाऊन घे."

तो उठला नाही. मी ब्लिनी उलटली, दुसरी घातली, आणि मग मला कळलं तो काय बोलला ते. ती दुसरी करपली.

मग तो जमिनीवर बसूनच बोलत राहिला, आणि मी चुलीला पाठ लावून ऐकत राहिले, हातात उलथणं धरून. (त्याच्यासाठीच धरलं होतं, खोटं कशाला बोलू.) म्हणाला, चार महिने मी हिशेबाने विचार केला. एका बाजूला एक दुष्ट म्हातारा, दुसऱ्या बाजूला बावीस बिऱ्हाडं. मी स्वतःसाठी नाही केलं, सगळ्या इमारतीसाठी केलं. मी म्हटलं, हो ना, इमारतीचा केवढा कळवळा! विद्यापीठातून नाव कापलं त्याचं काहीच नाही वाटतं? तर म्हणाला, "ते मी वहीत लिहिलं नव्हतं, काकू." म्हणजे बघा, चार महिने विचार केला आणि स्वतःचं नावच तेवढं त्यात घालायचं राहिलं.

पण पुढे तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. "कॅप्टनला मारलं तेव्हा माझ्याकडे कारण होतं. चांगलं की वाईट, पण होतं. नझारला बेड्या घालून नेलं, तेव्हा मी खिडकीत उभा होतो आणि मला बरं वाटलं. त्याला कारण काय, काकू? नझारने कुणाचं वाटोळं केलं होतं? मी सगळी वही चाळली. त्या बरं वाटण्याला त्यात जागाच नाही."

मी म्हटलं, मग जा चौकीवर, मला कशाला सांगतोस? तर म्हणे, शुक्रवारीच जाऊन आलो. फौजदार ब्लिनी खात होता. त्याने याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "पोरा, तू उपाशी आहेस. माझ्याकडे दहाव्या दर्जाच्या अधिकाऱ्याची विधवा साक्षीदार आहे. तू कोण, तर नाव कापलेला विद्यार्थी. घरी जा, काहीतरी खा, आणि सणासुदीला सरकारी माणसाचा वेळ खाऊ नकोस." म्हणून तो माझ्याकडे आला. नझारला पुढच्या महिन्यात सैबेरियाला नेणाऱ्या कैद्यांच्या टोळीत घालणार आहेत. माझा शब्द मी मागे घेतला तरच तो वाचतो. नाहीतर वालेर्यानने चौकाचौकात ओरडून सांगितलं तरी उपयोग नाही.

आणि इथेच दादा, मला दाट संशय आहे की हा पोरगा मला अडकवतोय. गुन्हा याचा, आणि चौकीवर मान खाली घालायची मी? एकदा शब्द फिरवला की उद्या माझ्या राखेच्या प्रकरणातही माझं कोण ऐकणार? तुम्ही धर्माधिकारी आहात म्हणून विचारते: तवा तापलेला असताना, केवळ तोंडाच्या सवयीने दिलेली क्षमा देवाच्या दरबारी धरली जाते का? आणि ती मला परत घेता येते का? उपास नीट चालू आहे. मुळा आणि खारवलेला कोबी खाऊन पोटात गुबारा धरलाय.

आपली आज्ञाधारक बहीण,
ग्लाफीरा

ता. क. (मंगळवार) पत्र बंद करायचं राहिलं ते बरंच झालं. दादा, एक छोटंसं काम. मला लहानपणापासून लांबचं दिसत नाही, असं देवळाच्या शिक्क्यानिशी लिहून पाठवा. म्हणजे मी खोटं बोलले असं होत नाही, फक्त मला नीट दिसलं नाही असं होतं. नझार सुटेल, वालेर्यान त्याला जायचं तिथे जाईल आणि माझं नाव जिथल्या तिथे राहील. मी चारही बाजूंनी विचार केलाय, यात कुणाचंच नुकसान नाही. (लिहिल्यावर लक्षात आलं की वालेर्यानही अगदी असंच बोलतो.)

आणखी ता. क. (गुरुवार) दाखला नको. काल आम्ही दोघं चौकीवर जाऊन आलो. रस्ताभर तो माझा हात धरून चालला, बर्फावर माझा पाय घसरू नये म्हणून. फौजदार म्हणाला, "बाई, जानेवारीत तुम्हाला दिसत होतं, आता दिसत नाही, मधे झालं काय?" मी म्हटलं, म्हातारी झाले. "पाच आठवड्यांत?" म्हटलं, होय, पाच आठवड्यांत. त्याने लेखणी शाईत बुडवली आणि लिहून घेतलं. वालेर्यानला ठेवून घेतलं. मी आमच्या ह्यांचे लोकरी मोजे त्याला दिले आणि परत येताना सगळा रस्ता रडले. खुन्यासाठी रडले, दादा. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. नझारला सोडणार आहेत, पण कागद वरून खाली यायला पंधरा दिवस लागतील, आणि घरमालकाने उस्तीन्याला तळघरातून आधीच बाहेर काढलंय.

ती आज दुपारी वर आली होती. मला वाटलं, कळलं हिला. तर तिने माझा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. "बाईसाहेब, लोक म्हणतात तुम्ही चौकीवर जाऊन आमच्या माणसासाठी बोललात. तुमच्यासारखी देवमाणसं आहेत म्हणून गरीब जगतात." माझा हात पिठाने भरला होता. मी तो काढून घेतला नाही. बोलायला तोंड उघडलं आणि तिला चहा विचारला.

शेवटचं. वालेर्यानला सांगितलं नाही, फौजदाराला सांगितलं नाही, ते तुम्हाला लिहिते. माझे डोळे उत्तम आहेत. त्या संध्याकाळी मला पाठ दिसली नव्हती, तोंड दिसलं होतं. वालेर्यान जिना चढून आला, माझ्या दाराबाहेरच्या पाण्याच्या पिंपात हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पायरीवर बसून लहान मुलासारखा कुडकुडत राहिला. मी फटीतून सगळं पाहिलं आणि हळूच कडी लावली. मला मूल नाही, दादा. फौजदाराने विचारलं तेव्हा मला कुणाचंतरी नाव द्यायचं होतं, आणि नझारचं सगळ्यात स्वस्त वाटलं. पाच आठवडे मी इमारतीतल्या प्रत्येकावर संशय घेतला, म्हणजे कुणाचा संशय माझ्या चुलीमागच्या खोलीकडे जाऊ नये.

तुमच्या गावचा मासळीवाला उद्या रिकामी घसरगाडी घेऊन परत निघतोय. त्याच्यासोबत उस्तीन्याला आणि मुलांना तुमच्याकडे पाठवते आहे. तिचं माहेर तुमच्या गावापासून जवळच आहे. नझार सुटून येईपर्यंत तिला चुलीजवळची जागा द्या. हे पत्र तिच्याच हाती देते. तिला वाचता येत नाही. ती आली की वहिनींना जेवण करायला सांगा, पण ताट वाढायच्या आधी हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या नाकाबद्दल लिहिलंय तेवढं गाळा. नको, तेही वाचा. मग ताट वाढा, आणि ती जेवली तर मला कळवा.