आतून लागणारी कडी

९ जून, सोमवार

आजही संकूची बाटली केंद्रातून भरलेलीच परत आली! सकाळी मी माझ्या हातानं भरून दिलेली, तशीच्या तशी. पाणी का नाही प्यालास रे, विचारलं. संकू म्हणाला, "हो." आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या न्हाणीघराकडे पळाला – चपलासुद्धा काढल्या नाहीत. मग बाहेर येऊन तांब्याभर पाणी घटाघटा.

अप्पांचं म्हणणं, उन्हाळा सरला, तहान कमी झाली असेल. सुम्ने, उगाच काहीतरी बोलायचं झालं!

१२ जून, गुरुवार

ताप. लघवीला जळजळ. कळवळतोय, पण कुरकुर नाही. नागरत्ना डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा दिवसभर लघवी दाबून धरतोय, आणि धरावी लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. का, ते शोधा.

चौतीस वर्षांचा माझा भाऊ. लोक म्हणतात बुद्धी लहान मुलाएवढी. मग ही युक्ती कशी सुचली त्याला? भीतीनंच सुचली असणार. तो दिवसभर जातो, त्याच्यासारख्यांच्या त्या केंद्रात काहीतरी आहे. आजपासून मी या गोष्टीच्या मागे लागणार.

१४ जून, शनिवार

ताप उतरला. शनिवारचं तेल चुकवलं, नुसतं ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. हात वर म्हटलं की वर, वळ म्हटलं की वळतो. कसा शहाणा! आई गेल्यापासून मीच घालते.

न्हाणीघराला कडी नाही. संकू आठ वर्षांचा असताना आत अडकला होता, तेव्हा अप्पांनी काढली, ती गेलीच. आम्ही आत असलो की दारावर टॉवेल टाकतो – टॉवेल दिसला की कुणी ढकलायचं नाही, ही घरची रीत.

अंग पुसता पुसता विचारत होते, केंद्रातल्या टॉयलेटमध्ये काय होतं? "हो." कुणी मारतं? "हो." कुणी मारत नाही ना? "हो." शेवटी वैतागून म्हटलं – दाखव बघू!

आणि दाखवलं त्यानं. मला न्हाणीघरात उभं केलं. स्वतः बाहेर गेला, दार धाडकन ढकललं, तळहात डोळ्यांसमोर धरला – मोबाइल धरतात तसा – आणि हसला. ते हसणं संकूचं नव्हतं.

"कोण रे?"

"अरुणण्णा."

अरुण म्हणजे केंद्रातला मदतनीस. व्हॅनमधून उतरवताना रोज माझ्याकडे बघून 'नमस्कार अक्का' म्हणतो, मेला!

१६ जून, सोमवार

संकूला घेऊन लष्कर मोहल्ल्यात, केंद्रावर गेले. जिना चढून आधी टॉयलेट बघितलं. दाराला आतून कडी नाही. स्क्रूची भोकं तेवढी आहेत.

शेषगिरी सर केंद्राचे प्रमुख. म्हणाले, सेफ्टीसाठी काढली मॅडम, ही मुलं आत अडकतात. मुलं! तिथं औषधाची पाकिटं करत बसलेल्यांपैकी एकाचे निम्मे केस पिकलेत. एवढ्या मोठ्या माणसांना दाराला कडी नको? माझा आवाज चढला, चढू दे.

मग त्यांनी अरुणला बोलावलं आणि त्याच्यासमोरच संकूला कन्नडात विचारलं, अरुणण्णानं फोटो काढला का? संकू म्हणाला, "हौदु." म्हणजे हो. काढला नाही ना? "हौदु." अरुणण्णा चांगला आहे ना? "हौदु."

झालं ना समाधान, अशा थाटात सरांनी हात जोडले. अरुण खाली मान घालून हसत होता. रिक्षात रडू आवरलं नाही. संकू माझे डोळे पुसत होता, त्यानं आणखीच रडू आलं.

१७ जून, मंगळवार

झोप नाही, पण डोकं चालतंय. सोक्षमोक्ष लागेपर्यंत संकूला केंद्रात पाठवायचं नाही. घरात लहानपणापासून त्याला एकच धडा – मोठ्यांना हो म्हणायचं. लग्नामुंजीत रांगेनं सगळ्यांच्या पाया पडायला लावायचं. 'आमचा संकू कुणाला नाही म्हणत नाही' हे अप्पांचं आवडतं वाक्य. पाहुणे कौतुक करायचे, आम्ही फुगायचो.

आता दुसरा धडा. हात पुढे करायचा आणि म्हणायचं – बेडा. नको. कन्नडातच, कारण बाहेर तेच चालतं. अप्पा म्हणाले, "कमलिनी, बिघडवशील त्याला." म्हटलं, बिघडू दे. चांगला बिघडू दे!

सुरुवात पडवळापासून. त्याला पडवळ बघवत नाही, तरी तीस वर्षं गिळतोय.

१९ जून, गुरुवार

पडवळ वाढू? "हो." खाल्लं. डोळ्यांत पाणी.

२० जून, शुक्रवार

परत तेच. मीच रडकुंडीला आले. पण मी हटणार नाही. बाजारात पडवळ संपेल, मी संपणार नाही.

२३ जून, सोमवार

पळीभर पडवळ घेऊन उभी होते. संकूनं माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. हात पुढे केला. "बेडा."

अय्यो देवा! पळी हातातून पडायची तेवढी राहिली. लगेच चित्रान्न, त्याचा आवडता लिंबाचा भात, करून घातलं. तीनदा विचारून खात्री केली – चित्रान्न? "हो!" पडवळ? "बेडा!"

अप्पा आपल्या ताटातलं पडवळ बाजूला सारून हळूच म्हणाले, "मलाही कधी आवडलं नाही. तुझ्या आईला सांगायचा धीर झाला नाही."

२७ जून, शुक्रवार

पहिला आषाढ शुक्रवार. सगळ्या रिक्षा चामुंडी बेट्टाकडे, देवीच्या डोंगरावर, म्हणून आम्ही पोलीस ठाण्यावर चालतच गेलो. नागरत्ना डॉक्टर सोबत आल्या. त्यांनी तिथल्या पोलीस बाईंना आधीच बजावलं, हो-नाही विचारायचं नाही, 'दाखव' म्हणायचं.

संकूनं दाखवलं. दार, तळहात, हसणं, सगळं तसंच. मग त्या बाईंनी मुद्दाम विचारलं, "फोटो मी काढला ना?" संकूनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत राहिले. कधी नव्हे ती चामुंडीची प्रार्थना केली.

"इल्ला," संकू म्हणाला. नाही. "अरुणण्णा."

संध्याकाळी बाईंचा फोन. अरुणला नेलं, मोबाइल जप्त. त्यात एकटा संकू नव्हता. आणखी तिघं होते, एक तर बोलूच न शकणारा.

त्यानंतर शेषगिरी सरांचा फोन – आणखी थोडे दिवस संकर्षणला घरीच ठेवा, त्याच्याच भल्यासाठी. अप्पाही तेच म्हणाले, घरात सुरक्षित राहील. का म्हणून? गुन्हा अरुणचा, कोंडून घ्यायचं संकूनं? पाकिटं करायला त्याला आवडतं, मित्र आहेत तिथं. सरांना म्हटलं, सोमवारी तो येणार. आणि तो यायच्या आधी दाराला कडी असणार.

३० जून, सोमवार

समोर उभी राहून कडी बसवून घेतली. आत कुणी पडलं तर, म्हणून सर घुटमळत होते. म्हटलं, बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येते अशी कडी मिळते, तुमच्याच गल्लीतल्या दुकानात. त्या बोलू न शकणाऱ्या मुलाची आई आली होती. माझा हात धरून नुसती उभी राहिली. यापुढे पालकांपैकी कुणीतरी रोज केंद्रात बसायचं ठरवलंय, पहिली पाळी माझी.

बाटली रिकामी आली!!

५ जुलै, शनिवार

तेल कोमट केलं, पाणी काढलं, संकूला हाक मारली. आला. माझ्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली. हात पुढे केला.

"अक्का, बेडा."

हसूच आलं मला. "अरे, मी आहे!"

"बेडा."

आत गेला आणि दार लोटलं. कडी कुठली लावणार? भरलेली बादली फरपटत आणून दाराला लावली, तो आवाज ऐकला. मी बाहेर, हातात त्याचा टॉवेल. राग आला, अगदी खरा राग. एवढी वर्षं मी –

मग टॉवेल दारावर टाकला. चपला घातल्या. लष्कर मोहल्ल्यातलं ते दुकान शनिवारी उघडं असतं.