शांत स्वभावाच्या माशांचा सूड

२३ ऑगस्ट, सकाळ
आज मारबत. काल पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलून सिमेंट प्लांटच्या क्वार्टर्सच्या गेटबाहेर टाकून आले. "इडा पिडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" सगळ्या बायका ओरडत होत्या. शेवटी मी हळूच जोडलं, "अन् मोनालीलेबी घेऊन जा." कोणी ऐकलं नाही. सासूबाईंनी ऐकलं असावं. त्यांना कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर येतं.

कारण लिहून ठेवते, म्हणजे राग पातळ होणार नाही. मोनाली म्हणजे शेजारीण. लेक दिव्या पहिलीत होती तेव्हापासून आमचा संध्याकाळचा चहा एकत्र. कधी तिच्या पायरीवर, कधी माझ्या. मागच्या आठवड्यात तिच्याकडे सगळ्या बायका तिचा फिशटँक बघत होत्या. त्यात कपाळावर टेंगूळ आलेला एकच लाल मासा. मी म्हटलं, मीही ठेवीन म्हणते. तर सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुमच्या घरी तं मनीप्लांट बी टिकत नाई. बिचाऱ्या माशायले काऊन मारता?"
सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याचाच राग जास्त आहे.

संकल्प: तिच्याशी बोलणं बंद. आणि असा टँक करायचा की ती बघून बघून जळली पाहिजे.

२५ ऑगस्ट
दिवसभर यूट्यूब. निर्णय झाला. टेंगूळवाला नाही, पाण्याखालचं जंगल करायचं. खऱ्या वनस्पती, आणि त्यातून फिरणारा निऑन टेट्रांचा थवा. निळी रेघ, लाल शेपूट, बोटाच्या पेराएवढे. शांत स्वभाव, कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. अगदी माझ्यासारखे.
दिव्याचा नागपूरहून फोन. म्हणे, "मम्मी, तू मासे पाळून राह्यली का सूड घेऊन राह्यली?"
मी म्हटलं, एका खर्चात दोन्ही.

२९ ऑगस्ट
चंद्रपूरला जाऊन अंकुशच्या दुकानातून टँक, फिल्टर, लाईट, झाडं, आत ठेवायचं एक वाकडं लाकूड आणि मासे आणले. दोनच निऑन मागितले होते. आधी जमतात का बघू म्हणून. अंकुश म्हणाला, "दोन नका नेऊ बाई. हे एकटेदुकटे राहत नाई. भिऊन कोपऱ्यात बसते अन् मरते." डझनभर घेतले. काय कमकुवत प्राणी! माझं बघा. आठवडा झाला, रोज एकटी चहा घेते. काहीही होत नाही. चहा तेवढा जास्त उरतो.

३० ऑगस्ट
टँक सजला. हे खदानीतून पांढरेशुभ्र, भोकाभोकांचे दगड घेऊन आले. डोंगरासारखे रचले. नळाचं पाणी भरलं. मासे लगेच सोडले. व्हिडिओत महिनाभर थांबा म्हणत होते, पण त्या लोकांना सूड घ्यायचा नसतो.
सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. त्या मूल गावाकडच्या, तलावाच्या काठी वाढलेल्या. त्यांच्यासाठी मासा म्हणजे आधी तिखट-मीठ. म्हणाल्या, "काऊन वो, एवढ्या पाण्यात एवढूसे मासे? या माशायची तं चटणी बी नाई होत."
बघायचे असतात, आई, असं सांगितलं. तर म्हणाल्या, "बघून कोणाचं पोट भरते?"
माझं भरणार आहे. जरा थांबा म्हणावं.

२ सप्टेंबर, संध्याकाळ
टँक खिडकीत ठेवला आहे, तोंड मोनालीच्या स्वयंपाकघराकडे. पडदा उघडा. लाईट लावला. पाच मिनिटांत तिनं खिडकी लावून घेतली! जळली. पहिला वार बरोबर बसला.
हे म्हणतात, या वेळेला डास येतात म्हणून सगळेच लावतात. यांना युद्धातलं काही कळत नाही.

७ सप्टेंबर
तीन मासे गेले. बाकीचे दगडामागे दडून. झाडांच्या पानांवर पांढरा थर, काचेवरही.
नजर. दुसरं काय? खिडकी लावून फटीतून बघत असणार. मीठ-मिरची घेतली, टँकवरून सात वेळा उतरवली. उतरवताना मूठ सैल झाली, बरंचसं मीठ आत पडलं. एक मिरचीही. ती काढली.

८ सप्टेंबर
आणखी दोन गेले. मोनालीच्या नावावर टाकले.
यांनी टँकमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हा चुन्याचा दगड आहे ना गं. ह्याचंच तर आम्ही सिमेंट करतो. नळाचं पाणी आधीच जड, त्यात तू हा टाकला. मासे घट्ट होतील."
मी म्हटलं, आणला कोणी? ते म्हणाले, मागितला कोणी?
दगड काढणार नाही. काढला तर खिडकीतून दिसेल, आणि तिला कळेल की माझं चुकलं. जे उरलेत त्यांनी थोडी सवय करावी. गडचांदुरात राहायचं तर चुना पचवावाच लागतो. मी नाही पचवला?

१२ सप्टेंबर
आठवडी बाजारातून आले तर टँकमधले सगळे दगड गायब. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, तुळशीच्या कुंडीले टेकू लागत होता. एवढा मोठा डोंगर एका कुंडीला! शिवाय फिल्टरच्या पाण्याचा मोठा कॅन ओट्यावर. आपला पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बिघडून वर्ष झालं. कुठून आणला विचारलं तर म्हणाल्या, "तुले पाणी पायजे का पत्ता पायजे?"
म्हातारपण. जास्त खोदून विचारायचं नाही. थोडं थोडं ते पाणी घालतेय.
सिंकमध्ये चहाचे दोन कप. आई आता दोन-दोन कप घ्यायला लागल्या. शुगर तपासून घ्यायला हवी.

१८ सप्टेंबर
ह्यांनी जेवताना सहज सांगितलं. मोनालीच्या मिस्टरांची बदली झाली. गुलबर्ग्याकडच्या प्लांटला. दसरा झाला की जाणार.
बरं झालं. फारच बरं झालं. फक्त टँक आता दसऱ्याच्या आत पूर्ण झाला पाहिजे. जळणारं माणूस निघून गेल्यावर जाळून काय उपयोग?

त्याच दिवशी, जेवणानंतर
मारबतीला मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण गुलबर्गा म्हटलं नव्हतं. फार तर पलीकडच्या लाईनीतलं क्वार्टर, एवढंच मनात होतं.
सासूबाईंजवळ बोलून गेले की माझ्यामुळे तर नाही ना. त्या सुपारी कातरत म्हणाल्या, "तुझ्यानं काय होते. तिनं बी तुझं नाव घेतलं होतं मारबतीले."
तुम्हाला काय माहीत, असं विचारलं. त्यांना एकदम ऐकू येईनासं झालं.
घेतलं होतं तर! बघितलं? अशी बाई आहे ती. आता दया नाही.

२४ सप्टेंबर
सातही मासे तरारले! थव्याने फिरतात. झाडांना नवी पानं, खालच्या गवतानंही जीव धरला. एवढ्या कमी दिवसांत असं कोणी केलं असेल वाटत नाही. हाताला गुण असावा लागतो. मनीप्लांटचा दोष मनीप्लांटचाच होता.
एकच खटकतं. मी काचेजवळ गेले की सगळे लाकडामागे पळतात. आदर असावा.

२८ सप्टेंबर
तिच्या अंगणात खोकी. सतरंज्या, कुकर, लोखंडी पलंगाच्या दांड्या. टेंगूळवाला मासा प्लांटच्या गेस्टहाऊसला देऊन टाकला म्हणे. मी खिडकीतून बघत नव्हते. टँकची काच पुसत होते, तेव्हा दिसलं.
दसऱ्याला सोनं द्यायला ती येणारच. दसऱ्याला कोणी कोणाचं दार टाळत नाही. वाक्य तयार आहे. हसून म्हणायचं: "ये मोनाली. काय म्हणत होतीस मनीप्लांटचं?" बस. पुढे एक शब्द नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी चांगलं जमलं.

२ ऑक्टोबर, दसरा
आली. हातात आपट्याची पानं, डोळे सुजलेले, पॅकिंगच्या धुळीनं असावेत. सासूबाईंच्या पाया पडली. मी लाईट आधीच लावून ठेवला होता. माझ्या हातावर सोनं ठेवलं. मी तोंड उघडलं, "ये मोनाली. काय म्ह..."
तेवढ्यात ती टँककडे गेली. काचेवर बोट ठेवलं. "आले का रे बाबू?"
सातही मासे धावत तिच्या बोटाशी. एकसुद्धा मागे राहिला नाही. ती बोट नेईल तिकडे थवा.
मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या सुपारी शोधत होत्या. सुपारी त्यांच्या हातातच होती.
मोनाली वळली. जीभ चावली. मग म्हणाली, "तुम्ही बाजारात गेल्या का आई मले बोलवत होत्या. दगड मीच काढले, ताई. पाणी बी आमच्या फिल्टरचं. मरून राह्यले होते ना ते."
"मग सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं. चिडले की मी इकडचंच बोलते.
"बोलत होत्या का तुम्ही? सांगू कोणाले, खिडकीले?"
ह्याला चोख उत्तर होतं. आता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त "चहा ठेवते" म्हटलं. पायरीवर बसून प्यायलो. ती सांगत होती, तिकडे क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे, पायरीच नाही. मी म्हटलं, जिना तर असेल. ती म्हणाली, "जिन्यात कोण बसते, ताई?"
नंतर टँकबद्दल एक शब्द झाला नाही. सूड राहूनच गेला.

३ ऑक्टोबर
ट्रक सकाळीच गेला. मी बाहेर गेले नाही, कारण दूध उतू जात होतं. गॅस बंद करूनही ते बघावं लागतं.

५ ऑक्टोबर
तिचा मेसेज: "पोचलो. इकडं पाणी लय खारं."
उत्तर द्यायचं नाही. निदान दोन दिवस. जरा वाट पाहू दे.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं
दिलं. फक्त एवढंच की मासे माझ्याकडे येत नाहीत, कालपासून नीट खात नाहीत. ही तक्रार आहे, बाकी काही नाही. तिनंच सवय लावली, तिनंच निस्तरावं.
लगेच व्हिडिओ कॉल. म्हणाली, "काचेले लावा मले." मी स्टूल ओढून बसले, फोन काचेला टेकवला. तिनं तिकडून हाक मारली, "आले का रे बाबू?"
एकही आला नाही. लाकडामागेच.
"येत नाई ना?"
"नाई."
तिनं फोन ठेवला नाही, म्हणून मीही नाही. पुष्कळ वेळ तसाच काचेला धरून बसले.
आता हात दुखतोय. हेही तिच्यामुळेच.